खोली बघून मशीन : सांगलीत गेमिंग पीसी जुळवताना कोणता पार्ट कसा निवडायचा

वहीचं कोरं पान घ्या आणि सगळ्यात वर मॉनिटर लिहा. प्रोसेसर नंतर, ग्राफिक्स कार्डही नंतर.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा माझ्या भाच्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मामा, आय-सेव्हन प्रोसेसरच घ्यायचा ना?" मी उलट विचारलं, "खेळणार काय आणि बघणार कशावर?" पलीकडे शांतता. त्याच्याकडे पार्टची यादी किमतींसकट तयार होती, पण ती कुणाच्या तरी एसी खोलीत बसणाऱ्या मशीनची होती. याची खोली विश्रामबागच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, आणि एकाच बोर्डावर पंखा, ट्यूब आणि सगळ्यांचे चार्जर. गेल्या दहा-बारा वर्षांत नात्यातल्या आणि शेजारच्या मुलांची पंधराएक मशीनं मी जुळवून दिली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय : मशीन जेवढं खेळ बघून घ्यायचं, तेवढंच खोली बघून घ्यायचं. पडदा कोणता, वीज कशी, मे महिन्यात खोली किती तापते आणि पार्ट बिघडला तर तो कुठे पाठवावा लागेल, हे कागदावर आलं की निम्मे पार्ट आपोआप ठरतात.

पडद्यापासून मागे या

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी म्हणतात त्या २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख, आणि फोर-केवर जवळपास ८३ लाख. ग्राफिक्स कार्डाला हे सगळे ठिपके एका सेकंदात साठ, शंभर, दीडशे वेळा नव्याने रंगवायचे असतात. त्यामुळे फुल एचडी सोडून १४४०पीवर गेलात की कार्डाचं काम पावणेदोन पटीच्या वर जातं आणि त्याच हिशेबात खर्चही.

दुसरा आकडा हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदाला बदलतं, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदाला. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत हाताला जाणवतो. गोष्ट सांगणारे, निवांत फिरत खेळायचे खेळ असतील तर ६० वरून १०० झाले तरी पुष्कळ.

पहिल्या मशीनसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे : २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा पडदा), १४४ ते १८० हर्ट्झ आणि फ्रीसिंक (पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय). २७ इंचाला फुल एचडी घेऊ नका. टेबलाजवळ बसून बघताना अक्षरं फाटलेली दिसतात आणि हाच पडदा मुलगा पुढे चार वर्षं अभ्यासालाही वापरणार असतो. २७ घ्यायचाच असेल तर १४४०पी घ्या आणि कार्डाला तेवढे पैसे जास्त ठेवा.

जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर घरात असेल आणि बजेट ताणलेलं असेल तर तो काही महिने चालवा. मॉनिटर नंतर बदलता येतो. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र नंतर बदलू म्हणून चालत नाही. ते पुढे सांगतो.

खोलीची वीज तपासा, पैसे द्यायच्या आधी

हे काम कुणीच करत नाही, म्हणून यावर जरा थांबतो. मशीन ज्या सॉकेटला लागणार आहे त्याला अर्थिंग आहे का? वायरमनला बोलवा, मल्टिमीटर आणायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच जोडलेली नसते.

अर्थिंग नसल्याची खूण सोपी आहे. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला बोट लावलं की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत गाळणीसाठी लावलेल्या कपॅसिटरमधून थोडासा प्रवाह पत्र्यावर येतो. त्याने अर्थमधून जमिनीत जायचं असतं. वाट नसेल तर तो तिथेच थांबतो आणि कॅबिनेटचा पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. एरवी झटका बसत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण एचडीएमआय केबल किंवा यूएसबी लावता-काढताना तोच प्रवाह नाजूक चिपमधून वाट काढतो. भाच्याच्या खोलीत हेच होतं. नवी वायर ओढून अर्थिंग करून घेतलं, त्याचा खर्च पार्टच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिला आणि मगच पुढे गेलो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा अडॅप्टर गेमिंग मशीनला कधीही लावू नका.

आता उष्णता. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालची खोली त्याच्याही वर जाते. मशीन जेवढे वॅट खातं तेवढी सगळी ऊब शेवटी खोलीतच सोडतं. ३०० वॅट खाणारं मशीन म्हणजे दुपारी तीन तास खोलीत लहानसा हीटर चालू ठेवल्यासारखं. म्हणून आमच्याकडे कमी वॅटमध्ये जास्त काम करणारं कार्ड मला महाग असूनही परवडणारं वाटतं. महावितरणच्या बिलातही ते दिसतं : ३०० वॅट रोज चार तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट, आणि १०० युनिटची पायरी ओलांडली की वरच्या युनिटांचा दर चढतो.

पैशांचे वाटे

भाव दर आठवड्याला हलतात, २०२५च्या अखेरीपासून रॅमचे (चालू कामाची तात्पुरती मेमरी) तर फारच. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिपचा ओघ वळला आणि घरगुती रॅम, पाठोपाठ एसएसडीही (खेळ आणि फायली साठवायची वेगवान डिस्क) महागली. त्यामुळे मी रुपयांत यादी देत नाही, वाटे सांगतो. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माऊस बाजूला ठेवून उरलेल्या शंभर रुपयांतले साधारण ४० ग्राफिक्स कार्डाला, २८ प्रोसेसर आणि मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड) मिळून, १८ रॅम आणि एसएसडीला, ८ एसएमपीएसला, ६ कॅबिनेटला. रॅम फार चढली असेल तर ते जास्तीचे पैसे प्रोसेसर-बोर्डातून काढा. कार्डातून आणि एसएमपीएसमधून काढू नका.

ग्राफिक्स कार्ड

खेळ किती गुळगुळीत चालेल हे सगळ्यात जास्त इथे ठरतं. फुल एचडीसाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचं, ११५ वॅटचं कार्ड आहे. वर उष्णतेचं जे सांगितलं त्यात ते चपखल बसतं. त्यानंतरचं आरटीएक्स ५०६० हे ८ जीबी आणि १४५ वॅटचं. एएमडीचं आरएक्स ६६०० जुनं झालं, पण १३२ वॅटमध्ये अजून चांगलं काम देतं आणि बजेट खरंच कमी असेल तर त्याच्याकडे जरूर बघा. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी मिळते, मात्र ते १९० वॅट खातं आणि जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग बराच पडतो. जुन्या मशीनमध्ये टाकायला ते घेऊ नका.

८ जीबी पुरेल का, हा आता खरा प्रश्न आहे. ऑनलाइन नेमबाजीच्या खेळांना आरामात पुरेल. नव्या, मोठ्या खेळांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) अल्ट्रा या सगळ्यात वरच्या सेटिंगवर ठेवले की फुल एचडीलाही मेमरी भरते आणि चालता चालता चित्र ठेचकाळतं. सेटिंग एक पायरी खाली आणायची तयारी असेल तर ८ घ्या. १४४०पीचा मॉनिटर असेल किंवा मशीन पाच वर्षं बदलणार नसाल तर १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय बघा. ही दोन्ही कार्डं त्याच नावाने ८ जीबीतही मिळतात, त्यामुळे डब्यावरचा जीबीचा आकडा बिल व्हायच्या आधी स्वतः वाचा.

याच्या उलट फसवणूकही होते. "४ जीबी ग्राफिक्स कार्डसह गेमिंग पीसी" अशी जाहिरात असते आणि आत २०१४ सालचं जीटी ७३० निघतं. मेमरी जास्त म्हणून कार्ड वेगवान होत नाही. छोट्या टेम्पोला मोठा हौदा लावला म्हणून त्याचं इंजिन वाढत नाही, तसंच हे.

एनव्हिडिया की एएमडी? फक्त खेळायचं असेल तर त्या दिवशी ज्याच्यात जास्त वेग मिळतो ते. भाच्याला मात्र मी एनव्हिडिया घ्यायला लावलं, कारण कॉलेजात मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट येणार, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअरही वापरायचं आहे, आणि ही कामं एनव्हिडियाच्या कूडा या तंत्रावर सगळ्यात सहज चालतात. मशीन चार वर्षं अभ्यासालाही राबणार असेल तर हा विचार खेळांच्या विचाराइतकाच मोठा आहे.

जुनं कार्ड घ्यायचं का? समोर बसून अर्धा तास खेळ चालवून बघता येत असेल, मूळ बिल असेल आणि वॉरंटीचे काही महिने उरले असतील तरच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं करून चलन कमावणं) बंद पडलं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली अनेक अजून हात बदलत फिरताहेत.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्रच निवडा

प्रोसेसर आणि कार्डाचं नातं साखर कारखान्यासारखं आहे. गाळप क्षमता रोज पाच हजार टनांची आणि गव्हाणीवर ऊस येतोय तीन हजार टन, तर मिल मोकळी फिरणार. प्रत्येक फ्रेममध्ये कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, हे प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्ड ते रंगवतं. प्रोसेसरने ऊसच कमी टाकला तर महागडं कार्ड बसून राहतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत कार्डाला काम थोडं असतं, त्यामुळे १८० हर्ट्झ भरायचे तर प्रोसेसर चांगला लागतो. सायबरपंकसारख्या जड खेळात कार्डच आधी दमतं.

सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र मेंदू) आजचा प्रोसेसर घरच्या मशीनला पुरे. आय-सेव्हन हे नाव ऐकून भुलू नका. जुन्या बाजारात मिळणारा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन आजच्या चार कोअरच्या आय-थ्रीपुढेही मागे पडतो, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षा सोयी चालू लागतात, म्हणजे तिथेही जुनं मशीन अडतं.

आता माझी निवड. बजेट बऱ्यापैकी असेल तर रायझन ५ ७६०० आणि बी६५० चा बोर्ड. कारणं तीन. एक, या बोर्डावरचं, २०२२ मध्ये आलेलं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसायची खोबण) २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने सांगितलं आहे, त्यामुळे तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. आधीच्या एएम४ वर लोकांनी पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत हेच केलं. दोन, डब्यात कूलर येतो आणि ६५ वॅटच्या या प्रोसेसरला तो चालतो, वेगळा खर्च नाही. तिसरं कारण खास आपल्यासारख्या गावांचं आहे : या प्रोसेसरच्या आत साधंसं ग्राफिक्स आहे. कार्ड बिघडलं तर ते वॉरंटीत पुण्या-मुंबईकडे जातं आणि परत यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस मॉनिटर बोर्डाला लावून मुलाचा अभ्यास चालू राहतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी 'एफ' असतो त्यात हे ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. थोडे पैसे वाचतात खरे, पण कार्ड गेलं की मशीन आंधळं.

बजेट कमी असेल तर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे. या दोन्हींना डीडीआर४, म्हणजे रॅमच्या आधीच्या पिढीचे बोर्ड मिळतात आणि घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर ती वापरता येते. एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं, कंपनीने बायोसमधून, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमधून, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीतलं वापरलेलं मशीन कुणी स्वस्तात देत असेल तर बायोस कधी अद्ययावत केलं ते विचारा.

बोर्डावर फार खर्च करू नका. दोनऐवजी चार रॅम स्लॉट, एसएसडीचे किमान दोन एम.२ स्लॉट, आणि पॉवरच्या भागावर उष्णता ओढून घेणारे धातूचे हीटसिंक, एवढं बघा. आमच्या उन्हाळ्यात ते हीटसिंक खरंच उपयोगी पडतात. घरात केबल ओढता येत नसेल तर वायफाय असलेला बोर्ड घ्या, पण ऑनलाइन खेळांसाठी राउटरपासून केबल ओढलीत तर खेळ कमी अडखळेल.

प्रोसेसर आणि बोर्ड एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्या. बोर्ड जुन्या स्टॉकमधला आणि प्रोसेसर नवा असेल तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय मशीन चालूच होत नाही. एकाच दुकानातून घेतलंत तर ते काउंटरवरच करून मिळतं, दोन दुकानांतून घेतलंत तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

रॅम आणि एसएसडी

रॅम नेहमी दोन काड्यांची जोडी घ्या. १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, कारण दोन काड्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. शक्य असेल तर सोळा-सोळाची जोडी. आत्ता एक, पुढे दुसरी असं करायला गेलात तर त्याच बॅचची काडी मिळत नाही आणि वेगवेगळ्या काड्यांचं एकमेकांशी जुळेलच असं नाही. डीडीआर५ मध्ये ६००० वेगाची, एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची तयार सेटिंग) लिहिलेली जोडी रायझनला चांगली. डीडीआर४ मध्ये ३२००. चार स्लॉट असतील तर काड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या.

एसएसडी एक टीबीची, एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी, वेगवान) प्रकारची. ५०० जीबीत विंडोज आणि तीन मोठे खेळ टाकले की जागा संपते. पीसीआय एक्सप्रेस ४.० वाली सेकंदाला सात हजार एमबीपर्यंत वाचते आणि ३.० वाली साडेतीन हजार, पण खेळ उघडायला लागणाऱ्या वेळात हा फरक फारसा जाणवत नाही. केबलने जोडायच्या साध्या साटा एसएसडीशी आणि विशेषतः हार्ड डिस्कशी तुलना केली तर फरक जाणवतो. टीएलसी प्रकारची (जास्त टिकणाऱ्या चिपची) आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेली घ्या. नाव न ऐकलेल्या कंपनीची दोन टीबीची एसएसडी निम्म्या किमतीत दिसली तर हात लावू नका.

एसएमपीएस

काही वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाचं मशीन जुळवताना मी एक चूक होऊ दिली. कॅबिनेटसोबत फुकट आलेला '५०० वॅट'चा एसएमपीएस त्याच्या वडिलांनी ठेवायला सांगितला आणि मी हो म्हटलं. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात लाइट तीनदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खोलीत जळक्या बेकेलाइटचा वास सुटला. एसएमपीएस गेला, त्याने मदरबोर्ड नेला, आणि दुकानदाराने विजेमुळे जळालेलं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

तो एसएमपीएस मी घरी आणून उघडला. हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता, आत निम्मी जागा रिकामी. बाजूच्या लेबलावर मोठ्या अक्षरांत ५०० आणि खाली बारीक तक्ता. तुम्हीही दुकानात हाच तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा, त्याखालचे अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. त्या एसएमपीएसवर १४ अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे १६८ वॅट. आजचं कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे मशीनच्या दृष्टीने तो १६८ वॅटचाच एसएमपीएस होता. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच रकाना ४५ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॅट. गुणाकार डब्यावरच्या आकड्याच्या जवळ आला पाहिजे. नाही आला तर डबा परत द्या.

किती वॅटचा घ्यायचा? आरटीएक्स ४०६० चे ११५, रायझन ५ ७६०० ताणलेला असताना ९० च्या आसपास, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून ५०-६०. एकूण २६० च्या घरात. ५५० वॅटचा घेतला तर तो निम्म्या भारावर, थंड आणि शांत चालतो आणि उद्या मोठं कार्ड आलं तरी पुरतो. ९०६० एक्सटी किंवा ५०६० टीआय घेणार असाल तर ६५० घ्या. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के कार्यक्षमता सांगतो, गोल्ड त्याहून जास्त. मात्र तो कार्यक्षमतेचाच शिक्का आहे. आतल्या कपॅसिटरची किंवा सुरक्षा सर्किटची हमी तो देत नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं बघा. पाच किंवा जास्त वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी आत बरे पार्ट घालते, असा माझा अनुभव.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर केबल त्याच्याच वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल खोबणीत नीट बसते, पण आत तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी किंवा डिस्क क्षणात जळते.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) सोडून वॅट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. खेळ चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून २८० ते ३०० वॅट ओढत असतील तर तो जेमतेम धरतो आणि बॅटरी जुनी झाली की लाइट जाताच मशीनही जातं. १००० किंवा ११०० व्हीएचा, व्होल्टेज सांभाळणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या. त्याचं काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरतं आहे, त्यावर खेळत बसू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे का ते बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेमिंग मशीन लावू नका.

कॅबिनेट

समोर काच असलेली कॅबिनेटं दुकानात सुंदर दिसतात, पण पंख्यांना हवा ओढायला जागाच नसते. समोर जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारा फिल्टर, आणि समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, हे बघा. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम चालू झाला, आसपास उसाचं पाचट पेटलं की काळी काजळी घरात येते. हंगामात तो फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, एरवी महिन्याने. धुतल्यावर पूर्ण वाळवून लावा.

मागची न वापरलेली पट्टीची भोकं उघडी ठेवू नका. तिथून झुरळं आणि पाली आत जातात, आणि उबेला बसलेली पाल एसएमपीएसमध्ये शिरली की दोघांचाही शेवट होतो. कॅबिनेट घेण्याआधी दोन मापं जुळवा : कार्डाची मिलिमीटरमधली लांबी आणि कूलरची उंची. दोन्ही आकडे कंपनीच्या माहितीत असतात. रंगीत दिव्यांचे पंखे हवे असतील तर जरूर घ्या, फक्त ते पैसे एसएमपीएसमधून काढू नका.

मशीन जमिनीवर ठेवू नका. गावभागात आणि सांगलीवाडीत राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चं पाणी आठवत असेलच. तळमजल्यावर असाल तर पावसाळ्यात कृष्णेची पातळी वाढायला लागल्याची बातमी आली की केबल काढून कॅबिनेट वर नेता येईल इतकं ते सुटसुटीत मांडा.

खरेदी आणि पहिला आठवडा

सांगली-मिरजेत ओळखीचं दुकान, कोल्हापूर, पुण्याची तपकीर गल्ली आणि ऑनलाइन, हे चारही पर्याय तपासा. तपकीर गल्लीत वैविध्य जास्त, भावात घासाघीस होते. पण एक पार्ट बदलायला जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, तो किमतीत धरा. थोडासा फरक असेल तर मी गावातल्या दुकानातून घेतो, कारण वॉरंटीला पाठवायचं काम तो दुकानदार करतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. 'बिलाशिवाय १८ टक्के वाचतील' असं कुणी म्हटलं तर तुम्ही वॉरंटीच विकताय असं समजा. डब्याशिवाय मिळणारा ट्रे प्रोसेसर घेताना वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकान, हे बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन आलेला डबा फोनवर सलग व्हिडिओ काढत उघडा, सील आणि सीरियल नंबर दिसेल असा.

पुण्यातून जुळवलेलं मशीन एसटीने आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड आधी काढून त्याच्या डब्यात ठेवा. रस्त्याच्या दणक्यांनी कार्डाच्या वजनाने स्लॉट तुटलेला मी पाहिला आहे.

मशीन पहिल्यांदा चालू केलं आणि एएम५ चा बोर्ड असेल तर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. रॅमची जुळवाजुळव चालू असते. घाबरून बटण दाबू नका. भाच्याने दोनदा हात पुढे केला, मी दोनदा धरला, आणि चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, इंटेल असेल तर एक्सएमपी, चालू करा. नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि वर्षभर कुणाला कळत नाही. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय ना, बोर्डाला नाही, हे मागे वाकून बघा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ किंवा १८० हर्ट्झ हाताने निवडा. ते आपोआप होतंच असं नाही, आणि १८० चा पडदा ६० वर चालवणारी दोन घरं मला माहीत आहेत.

बदलून मिळण्याची मुदत अनेकदा सात दिवसांची असते. त्या सात दिवसांत मशीनला आराम देऊ नका. भर दुपारी, खोलीचा पंखा बंद करून, तासभर जड खेळ चालवा आणि तापमान बघा. कार्ड ८० अंशांच्या आसपास थांबलं तर ठीक. नव्वदीकडे गेलं तर आधी पंख्यांची दिशा तपासा, उलटा बसलेला पंखा बऱ्याचदा इथेच सापडतो. एक रात्र मेमटेस्ट चालवून रॅम तपासा, एकही चूक दिसली तर जोडी बदलून घ्या. बिलाचा आणि सीरियल नंबरांचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. रिकामे डबे थर्माकोलसकट माळ्यावर टाका. कार्डाचा डबा सगळ्यात वर, कारण वॉरंटीला जायची वेळ आलीच तर तोच आधी लागतो.